सोन्याच्या खाणीत ‘खनिज’ की ‘धातुक’?

प्रश्न असा आहे : सोन्याच्या खुल्या खाणीचे नियोजन आणि तिचा आर्थिक हिशेब यांवरचा मजकूर मराठीत लिहिताना ‘ओर’ला (इंग्रजी ore, म्हणजे धातू काढण्यासाठी खणलेला दगड) ‘खनिज’ म्हटले तर काय बिघडले? ‘लोहखनिज’ तर आपण सर्रास म्हणतोच.

लोहखनिज खपून जाते, कारण चांगल्या प्रतीच्या लोखंडाच्या खाणीतून निघणारा दगड बराचसा हेमाटाइटसारख्या एखाद्या खनिजाचाच असतो. सोन्याचे तसे नाही. निसर्गात सोने बहुधा धातूच्याच रूपात सापडते, म्हणजे ते स्वतःच एक खनिज. खुल्या खाणीतल्या टनभर खडकात ते अनेकदा जेमतेम ग्रॅम-दोन ग्रॅम असते, कधी त्याहूनही कमी. बाकी सगळा क्वार्ट्झ, पायराइट वगैरे, आणि तीही खनिजेच! मग ‘खनिज कारखान्याकडे, उरलेले ढिगाऱ्यावर’ असे लिहिले तर वाचकाने काय समजायचे? दोन्ही ट्रकांत खनिजेच भरलेली आहेत.

इथे ‘धातुक’च हवे. ज्यातून धातू काढणे परवडते, ते धातुक. ‘परवडते’ हा शब्द व्याख्येतून गाळला की सगळा अर्थच निसटतो. खडकात काय आहे ते भूवैज्ञानिक सांगेल. त्याला धातुक म्हणायचे की नाही, ते हिशेबाची वही सांगते.

सोयीचे आकडे घेऊन पाहू. टनभर खडक खणायला 3 डॉलर, त्यावर प्रक्रिया करायला 20 डॉलर. सोन्याचा भाव ग्रॅमला 60 डॉलर आणि दगडातले 90 टक्के सोने हाती येते. म्हणजे दगडातल्या दर ग्रॅममागे 54 डॉलर मिळाले. 23 भागिले 54, म्हणजे टनाला सुमारे 0.43 ग्रॅम सोने असेल तरच तो दगड स्वतःचा खर्च भरून काढतो. आता 0.40 ग्रॅमचा दगड घ्या. त्याच्यासाठी मुद्दाम खणणे तोट्याचे. पण खालच्या चांगल्या थरापर्यंत पोहोचायला तो उचलावाच लागला असेल, तर खणाईचे 3 डॉलर खर्च होऊन गेले. खाणीच्या काठावर आलेल्या ट्रकापुढे प्रश्न उरतो तो फक्त पुढच्या 20 डॉलरांचा, आणि सोने मिळते 21.60 डॉलरांचे. तोच दगड धातुक ठरला! भाव निम्म्यावर आला, तर 0.70 ग्रॅमचा दगडही ढिगाऱ्यावर जाईल. दगडातला एक अणूही बदललेला नसतो. मला या शब्दाचे खरे अप्रूप वाटते ते याचसाठी.

उलटही घडते, टाकाऊ ठरलेले पुढे धातुक होते. जोहान्सबर्गच्या आसपास जुन्या सोन्याच्या खाणींनी टाकलेल्या गाळाचे डोंगर पुढच्या काळात पुन्हा उपसून त्यांतून सोने काढले गेले.

टनामागे निदान किती सोने असले तर दगड धातुक ठरतो, त्या सीमारेषेला, म्हणजे ‘कट-ऑफ ग्रेड’ला, मी ‘किमान प्रत’ म्हणेन. ‘दर्जा’ नको, त्यात बऱ्यावाइटाची छटा येते. ‘कमी प्रतीचे धातुक’ मात्र सहज वाचले जाते. ‘साठा’ हा शब्दही जपून वापरावा. ‘सोन्याचा साठा सापडला’ अशा बातमीत पुष्कळदा नुसता अंदाज असतो. खाणीच्या नियोजनात साठा म्हणजे खणणे परवडेल असे पडताळून पाहिलेले धातुक. त्याआधीच्या, परवडते का ते अजून न पडताळलेल्या पायरीला ‘खनिजसंपत्ती’ पुरे, आणि तिथे ‘खनिज’ अगदी योग्य आहे.

संस्कृतात ‘धातु’ हा शब्द गेरूसारख्या डोंगरातल्या रंगीत खनिजांनाही लावत. मराठीत तो लोखंड-तांबे-सोने यांच्यापुरता उरला, म्हणून कच्च्या दगडासाठी वेगळा शब्द लागला. ‘कच्ची धातू’ असेही लिहितात, पण टनात ग्रॅमभर सोने असलेल्या दगडाला कच्ची का होईना, धातू म्हणणे मला पटत नाही.

आणि लिहिताना ‘धातू’ दीर्घ, ‘धातुक’मधला ‘तु’ मात्र ऱ्हस्व. लिंग नपुंसक : ते धातुक, ती धातुके.