वाचकांचे प्रश्न : शिडाच्या नौकेतून बेटांची सफर

प्रश्न : आम्ही पती-पत्नी आणि आमचे व्याही-विहीणबाई असे चौघे साठीच्या आसपासचे आहोत. हिंदी महासागरातील सेशेल्समध्ये शिडाची नौका भाड्याने घेऊन सात दिवसांत माहे, सिलुएट, बर्ड, प्रास्लिन, क्युरियूझ आणि ला दीग ही सहा बेटे पाहावीत, असा बेत नकाशा पुढे ठेवून आखला आहे. समुद्राचा आमचा अनुभव म्हणजे कावी-कंबोईला भरतीत पाण्याखाली जाणारे महादेवाचे मंदिर आणि घोघ्याच्या फेरीबोटीचा प्रवास, एवढाच. हा बेत जमेल का? मे महिन्यात जावे की दिवाळीनंतर?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : बेत रेखीव आहे, परंतु तो नकाशावरील अंतरे पाहून आखलेला दिसतो, आणि शिडाच्या नौकेचा दिवस अंतरापेक्षा वाऱ्याच्या दिशेवर ठरतो. वारा जिकडून येतो तिकडे अशी नौका सरळ जाऊ शकत नाही. वाऱ्याशी साधारण ४५ अंशांचा कोन राखून तिला नागमोडी जावे लागते, त्यामुळे अंतर जवळजवळ दीडपट होते आणि समोरच्या लाटांवर नौका आपटत राहते, ते वेगळेच. वारा बाजूने असेल, तर मात्र ती वेगाने आणि त्यातल्या त्यात सुखाने चालते. सेशेल्समध्ये साधारणपणे मे ते ऑक्टोबर या काळात आग्नेयेकडून आणि डिसेंबर ते मार्च या काळात वायव्येकडून वारे वाहतात. प्रास्लिन हे माहेच्या ईशान्येस सुमारे ४५ किमीवर असल्याने दोन्ही ऋतूंत जाताना आणि परतताना वारा बाजूनेच मिळतो; ताशी पाच-सहा सागरी मैलांच्या वेगाने हे अंतर चार ते पाच तासांत कापता येते. सिलुएट माहेच्या वायव्येस आहे, म्हणजे आग्नेय वाऱ्यांच्या दिवसांत जाणे सोपे आणि परतणे त्रासाचे. बर्ड बेट तर उत्तरेला सुमारे १०० किमी दूर, उघड्या समुद्रात आहे. ते यादीतून सरळ काढून टाकावे.

उरलेल्या बेटांसाठी सात दिवस पुरेसे आहेत. पहिली रात्र माहेजवळच्या सेंट ॲन सागरी उद्यानाच्या परिसरात काढावी, म्हणजे नौकेची आणि आपली ओळख होते. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर प्रास्लिनकडे निघावे आणि पुढचे तीन-चार दिवस प्रास्लिन, क्युरियूझ व ला दीग या परिसरातच राहावे. ही तिन्ही बेटे एकमेकांच्या इतकी जवळ आहेत, की तेथे प्रवास तास-दीड तासाचाच होतो आणि बाकीचा दिवस क्युरियूझवरील महाकाय कासवांसाठी किंवा प्रास्लिनवरील व्हॅली द मे या वनासाठी मोकळा राहतो. जुळ्या नारळासारखे प्रचंड फळ देणारे कोको द मेर हे ताड याच वनात उभे आहेत. युनेस्कोने १९८३ मध्ये त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

ऋतूविषयी आमचे मत दिवाळीनंतरच्या बाजूने आहे. मे महिन्यात आग्नेय वारे सुरू होतात आणि जुलै-ऑगस्टपर्यंत त्यांचा जोर वाढत जातो. नोव्हेंबरात वारा दिशा बदलत असल्याने तो मंद असतो आणि पाणी निवळ असते. काही वेळा वारा पडून इंजिन लावावे लागेल. हौशी दर्यावर्दी त्यावर नाक मुरडतात, आपण तिकडे लक्ष देऊ नये. चक्रीवादळाची धास्ती या बेटांवर फारशी नाही, कारण ती विषुववृत्तापासून जेमतेम चार-पाच अंशांवर आहेत आणि तेथे वादळाला गिरकी देणारा पृथ्वीच्या परिवलनाचा परिणाम अतिशय क्षीण असतो. कॅरिबियन बेटांचा विचार केला असता, तर जून ते नोव्हेंबर हे महिने टाळा, असेच सांगावे लागले असते.

कावी-कंबोईचा उल्लेख आपण केला, ते बरे झाले. खंभातचे आखात तोंडाशी रुंद आणि आत नरसाळ्यासारखे निमुळते असल्याने भरतीचे पाणी तेथे कोंडून १० मीटरहूनही अधिक चढते. सेशेल्समध्ये उधाणाच्या वेळीही हा फरक दोन मीटरच्या आतच असतो. तेथे जपावे लागते ते प्रवाळाला. पाण्याच्या रंगावरून खोली ओळखण्याची रीत सोपी आहे : गडद निळे ते खोल, हिरवट फिके ते उथळ आणि वाळूचे, तपकिरी ते प्रवाळाचे. पण हे रंग सूर्य डोक्यावर किंवा पाठीशी असेल तरच दिसतात. सूर्य समोर कलला की सगळे पाणी एकसारखे चकाकते, म्हणून प्रवाळाच्या भागात सकाळी दहा ते दुपारी तीनच्या दरम्यानच शिरावे आणि नाळेवर, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकावर, एकाने पाण्याकडे पाहत उभे राहावे. सूर्यास्तानंतर नौका हलवण्यास भाडेकरारातच बहुधा मनाई असते.

नांगर टाकण्याची जागा बेटाच्या वाऱ्याआडच्या बाजूला शोधतात. प्रास्लिनच्या वायव्य टोकाचा आन्स लाझियो हा किनारा आग्नेय वाऱ्यांत निवांत असतो. वायव्य वाऱ्यांत तेथेच नौका रात्रभर डोलते. नांगर वाळूतच टाकावा, प्रवाळावर कदापि नाही. पाणी पाच मीटर खोल आणि नाळ पाण्यापासून एक मीटर उंच असेल, तर निदान ३० मीटर साखळी सोडावी लागते. साखळी आडवी पडली तरच नांगर रुततो. वारा फिरला की नौका नांगराभोवती फिरते, तेव्हा चहूबाजूंना तेवढी मोकळी जागा आहे ना, हेही पाहून ठेवावे लागते.

हे सारे आपल्याला करावयाचे नाही. कप्तानासह नौका घ्यावी आणि ती दोन सांगाड्यांची, म्हणजे पाण्यावर तरंगणारे दोन लांबट भाग शेजारी जोडून केलेली कॅटामरान असावी. एका सांगाड्याची नौका वाऱ्यात एका बाजूला कलते आणि ते कलणे पाहणाऱ्याला सुंदर वाटले, तरी गुडघे दुखणाऱ्याला तसे वाटत नाही.

प्रश्न : मला बोट लागते. शिवाय आमच्याकडे पूर्ण शाकाहार आहे. अशा प्रवासात माझा निभाव लागेल का?
— एक वाचक भगिनी, अलकापुरी, बडोदे

उत्तर : बोट लागण्यावरच्या गोळ्या मळमळ सुरू झाल्यावर फारशा उपयोगी पडत नाहीत, त्या आधीच घ्याव्या लागतात. कोणती गोळी व किती, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे, विशेषतः रक्तदाबाची औषधे चालू असल्यास. नौका चालू असताना खाली खोलीत जाऊ नये, वाचू नये, मध्यभागी बसून क्षितिजाकडे पाहावे. बहुतेकांचा त्रास दोन-तीन दिवसांत ओसरतो.

शाकाहाराची अडचण नाही, कारण नौकेवर शेगडी असते आणि स्वयंपाक आपल्याच हाती असतो. भाज्या मात्र माहेवरील राजधानी व्हिक्टोरियाच्या बाजारातूनच भरून घ्याव्यात. लहान बेटांवर त्या महागही आहेत आणि मोजक्याही. (व्हिक्टोरियात तमिळ मंडळींनी उभारलेले विनायकाचे देऊळ आहे, निघण्यापूर्वी दर्शन घेता येईल.) खरी काटकसर गोड्या पाण्याची. टाकीत काही शे लिटरच पाणी असते, म्हणून भांडी आधी समुद्राच्या पाण्याने घासून मग गोड्या पाण्याने विसळतात आणि भाताऐवजी थालीपीठ केले, तर भांडीही कमी निघतात.

प्रश्न : आम्ही पाच मित्र पोहण्यात तरबेज आहोत. कप्तानाशिवाय नौका मिळेल का?
— एक वाचक, मांजलपूर, बडोदे

उत्तर : पोहण्याचा येथे फारसा संबंध नाही. विनाकप्तान नौका देणारे आपला नौकानयनाचा अनुभव आणि बहुधा प्रमाणपत्रही पाहतात, आणि ते योग्यच आहे. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ‘म्हादेई’ नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, असा पराक्रम करणारे ते पहिले भारतीय; पण त्यामागे नौदलातील नोकरी आणि प्रदीर्घ तयारी होती. बेटांमधली सफर त्या मानाने लहान असली, तरी खडक, प्रवाळ आणि दुसऱ्यांच्या नौका सतत जवळ असल्याने चूक सावरायला वेळ कमी मिळतो. आधी मुंबई किंवा गोव्यात लहान शिडाच्या होडीवर शिकावे, मग पहिली सफर कप्तानासह करून त्याच्याकडून सुकाणू, शिडे आणि नांगर ही तिन्ही कामे रोज करून घ्यावीत. त्या दिवसांची नोंद त्याच्या सहीनिशी ठेवल्यास पुढे नौका मागताना ती दाखवता येते.