कुणाकडनं आलं?

प्रिय पोरी,

तुझं पत्र मिळालं. तपासणीच्या यादीत पस्तीस नावं आणि सकाळी आल्या सहाच जणी. का, तर आदल्या रात्री गावात कुणीतरी उठवलं, 'उद्या एड्सची तपासणी हाय.' पत्रकावर होतं एचपीव्ही, म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचा विषाणू; गावानं वाचलं एचआयव्ही, एड्सचा. तू रडलीस म्हणतेस. रडू नकोस. दोन्ही नावं कानाला सारखीच लागतात. त्यात पत्रक कानडीत, आणि आपल्या खानापूर-निपाणीकडच्या कितीतरी मराठी बायका बाजारात कानडी बोलतात, पण त्यांना ते वाचता येत नाही. पुढच्या वेळी ती अक्षरं आधी काढूच नकोस. 'पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर' म्हण, मूठ वळून पिशवी कुठं, तोंड कुठं ते दाखव. मग सांग की एचआयव्ही वेगळा, हा वेगळा.

माझी एक चूक तुला सांगते. निपाणीची विड्या वळणारी एक बाई होती, वय छत्तीस. तिचा एचपीव्हीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. मी घाईत होते. व्हरांड्यात उभ्या उभ्या, नवऱ्यासमोर बोलून गेले, 'हा संबंधातून येणारा विषाणू आहे.' वाक्य खरं होतं. त्यानं तेवढंच ऐकलं. 'कुणाकडनं आलं?' तिनं उत्तर दिलं नाही. विडीचं पान वळावं तसं पदराचं टोक बोटांत वळत राहिली. महिनाभर ती माहेरी होती. मी दोनदा त्यांच्या घरी गेले, तेव्हा कुठं तो ऐकायला बसला.

तेव्हापासून मी बोलण्याचा क्रम बदलला. आधी हे सांगायचं की ज्यांचा शरीरसंबंध आला आहे अशा बहुतेक बायका-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी हा विषाणू लागतोच. दहातल्या जवळपास नऊ जणींच्या अंगातून तो साधारण दोन वर्षांत आपोआप जातो. तो कुणाकडून आला, कधी आला, हे कुठल्याही तपासणीत कळत नाही. वर्षानुवर्षं गुपचूप अंगात असू शकतो. नवऱ्याकडूनही आलेला असू शकतो. पुरुषाला बहुधा काहीच जाणवत नाही आणि पुरुषांसाठी नेहमीची अशी तपासणीही नाही. हा रिपोर्ट म्हणजे बाईच्या चारित्र्याचा दाखला नव्हे. हे नवऱ्याला समोर बसवून सांग, बाईकडून निरोप पाठवू नकोस.

'मला काही त्रास नाही, मग तपासायचं कशाला?' हे तर तुला रोज ऐकावं लागेल. मला सगळ्यात जास्त भीती याच वाक्याची वाटते. विषाणू ठाण मांडून बसला तरी त्याचा कॅन्सर व्हायला बहुधा पंधरा-वीस वर्षं लागतात, आणि त्यातला बराच काळ बाईला काहीच दुखत नाही. अंगावरून रक्त जायला लागतं तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो. म्हणून तिशीनंतर तपासायचं. आपल्या आरोग्य केंद्रातली तपासणी त्यांना जशीच्या तशी सांग: कापसाच्या बोळ्यानं पातळ ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच, पिशवीच्या तोंडाला लावायचं आणि एक मिनिट थांबायचं. बदललेला भाग पांढरा दिसतो. पांढरं दिसलं म्हणजे कॅन्सर झाला असं नाही. पुढं तपासायचं, आणि या टप्प्यावर उपचार छोटा असतो.

लसीबद्दल आया विचारतील, 'एवढ्याशा पोरीला असली लस?' चिडू नकोस, तो प्रश्न मायेतून येतो. विषाणू अंगात शिरायच्या आधी दिली तरच तिचा पुरता उपयोग, म्हणून नऊ ते चौदा हे वय. या कॅन्सरच्या दहातल्या सुमारे सात केसेस विषाणूच्या १६ आणि १८ नंबरच्या दोन प्रकारांमुळे होतात, आणि लस त्यांनाच अडवते. पुण्याच्या सीरमच्या लसीला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली आहे, हेही सांग. पुण्याचं नाव ऐकलं की आपल्याकडची माणसं जरा निवांत होतात. 'पोरीला मूल होणार नाही' ही भीती मात्र हलक्यानं घेऊ नकोस. मी भुईमुगाची शेंग फोडून दाखवायचे. दाणे काढून टरफलं पुन्हा मिटवायची आणि विचारायचं, 'ही पेरली तर उगवंल का?' लसीत विषाणूचं असं नुसतं टरफल असतं, दाणा नसतो. अंग ते टरफल ओळखायला शिकतं, रोग होत नाही, पिशवीला धक्का लागत नाही. उलट कॅन्सर झाला तर पुष्कळदा पिशवीच काढावी लागते. आणि लस घेतली तरी मोठेपणी तपासणी चुकवायची नाही, कारण लस सगळेच प्रकार अडवत नाही.

न आलेल्या एकोणतीस जणींकडे तू लगेच जाऊ नकोस. आधी त्या सहा जणींना चहाला बोलव आणि त्यांनाच शेजारणींकडे पाठव. एड्सची तपासणी रक्त काढून होते हे गावाला ठाऊक आहे. सुई टोचली नाही, रक्त काढलं नाही, एक मिनिटात झालं, हे त्या तुझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

तुझी,
सिस्टर आक्का