तुमचा सवाल : खोलीभर लोकसंगीत

मागच्या अंकात छोट्या आणि भलत्याच जागी होणाऱ्या लोकसंगीताबद्दल मी चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीगच लागला. बरेच प्रश्न एकसारखे होते, ते एकत्र केलेत. ज्यांचे राहिले त्यांनी रागावू नका.

प्रश्न : ताई, कामानिमित्त आयर्लंडला चाललोय. तिथल्या पबमध्ये लोक संध्याकाळी जमून वाजवत बसतात, त्याला सेशन म्हणतात असं ऐकलंय. मी बासरी वाजवतो, म्हणजे ठीकठाक. सरळ जाऊन त्यांच्यात बसलं तर चालतं का? आणि फर्माईश करता येते का?

उत्तर : फर्माईश नका करू. आणि सरळ जाऊन तर बसूच नका. तिथे गेलात की पहिल्यांदा हेच दिसेल की वाजवणारे एकमेकांकडे तोंड करून गोलात बसलेत आणि तुमच्याकडे त्यांची चक्क पाठ आहे, म्हणजे ते आपापसात वाजवतायत आणि तुम्ही त्याच खोलीत आहात इतकंच. त्यातल्या एक-दोघांना बहुतेक वेळा पबवाल्यानं पैसे देऊन बोलावलेलं असतं, सगळी सूत्रं त्यांच्याकडे, बाकीचे हौसेनं आलेले. तुम्ही बासरी पिशवीतच ठेवा, आधी निवांत ऐका, मग दोन धुनांच्या मधल्या गप्पांमध्ये त्यांच्यापैकी कुणालातरी विचारा, बऱ्याचदा खुर्ची सरकवून जागा करून देतात. पण धून येत असेल तरच वाजवायचं हां. अंदाजानं सूर धरून मागे मागे वाजवत राहणं तिथे फार खटकतं, कारण सगळेजण मिळून एकच धून वाजवत असतात.

धुनांची रचना तशी सोपी. आठ-आठ बारचे (बार म्हणजे तालाचा एक छोटा घास) दोन भाग, प्रत्येक भाग दोनदा, झाला ३२ बारचा एक फेरा. असे साधारण तीन फेरे, आणि मग न थांबता थेट दुसरी धून, तिथे नवशिक्या हमखास उडतो. चार-चारच्या चालीत असते ती रील (मोबाइलवाली नव्हे) आणि सहा-आठच्या चालीत असते ती जिग. बहुतेक धुना डी नाहीतर जी स्केलमध्ये असतात. तुमच्याकडे जी स्केलची बासरी असेल तर तीच न्या, तिची सहाही भोकं बंद केली की खालचा पंचम म्हणजे डी वाजतो, आणि आयरिश लोकांच्या लाकडी फ्लूटलाही सगळी भोकं बंद केल्यावर डीच येतो, त्यामुळे बोटं जवळपास तीच पडतात. मात्र सगळी मोकळी सोडली की येतो तो तीव्र मध्यम, धुनेत सी नॅचरल (म्हणजे साधा सी) असेल तिथे शुद्ध मध्यम लागणार, ते अर्धं भोक तयार ठेवा.

आणि एक गोष्ट ऐकून बऱ्याच जणांना धक्का बसतो, पबमधलं सेशन हे काही शेकडो वर्षं जुनं प्रकरण नाही. हे संगीत आधी स्वयंपाकघरात, कोठारात, चौरस्त्यावर नाचासाठी वाजायचं. १९३५ साली आयर्लंडमध्ये सार्वजनिक नाचाला परवाना लागेल असा कायदा आला, त्याचा धाक घालून पाद्री आणि पोलिसांनी घरातले नाचसुद्धा बंद पाडले. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर कामासाठी लंडनला गेलेली आयरिश माणसं, राहायला भाड्याची एक खोली, तिथे कुठे वाजवणार, मग ती पबमध्ये जमायला लागली आणि ही पद्धत तिथून पसरली. जुलैच्या सुरुवातीला जाणार असाल तर क्लेअर परगण्यातलं मिल्टाउन मॅल्बे गाठा, विली क्लॅन्सी या आयरिश पाइप (बॅगपाइपसारखं वाद्य) वाजवणाऱ्याच्या नावानं १९७३ पासून तिथे आठवडाभराची शाळा भरते, दिवसा शिकवणी आणि संध्याकाळी जिथे जागा मिळेल तिथे सेशन.

मध्येच एखादी बाई किंवा बुवा डोळे मिटून एकट्यानं गायला लागेल, साथीला काही नाही. ते शान-नोस, म्हणजे जुन्या पद्धतीचं आयरिश गाणं. तेव्हा गोलातले सगळे हातातलं वाद्य मांडीवर ठेवतात. जुन्या पद्धतीत तर शेजारचा माणूस गाणाऱ्याचा हात हातात घेऊन चालीबरोबर हळूहळू फिरवत राहतो. यापेक्षा जवळून गाणं ऐकण्याची सोय मला तरी माहीत नाही.

प्रश्न : लिस्बनमध्ये फाडो (पोर्तुगालचं पारंपरिक गाणं) ऐकायला गेलो होतो. बायकोला हळू आवाजात काहीतरी सांगत होतो तर शेजारच्या टेबलावरून जोरात 'शूऽऽ' आलं. आम्ही पैसे भरून आलो होतो, हा उद्धटपणा नाही का?

उत्तर : नाही, बरोबर केलं त्यांनी. फाडोच्या छोट्या घरांमध्ये दिवे मंद होतात आणि कुणीतरी सांगतं की शांत राहा, आता फाडो गायचाय. ती विनंती नसते. एक गायक, एक बारा तारांची पोर्तुगीज गिटार, एक साधी गिटार, बहुतेक ठिकाणी माइक नाही, आणि गाणारी बाई मध्येच आवाज इतका खाली आणते की तुमची कुजबुज तिच्यापेक्षा मोठी ठरते. तीन-चार गाण्यांनंतर थांबतात की ते, तेव्हा बोला की पोटभर. २०११ साली फाडो युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेला आणि पर्यटक वाढले, तेव्हा हे शूऽऽ करणारे लोक आहेत म्हणून ती जागा टिकून आहे असं समजा. टाळ्या मात्र लिस्बनमध्ये बिनधास्त वाजवा. कोइंब्रा शहरातल्या फाडोला दाद द्यायची जुनी रीत म्हणजे घसा साफ केल्यासारखं खाकरायचं, ते तिथे गेलात तर आधी बाकीचे काय करतात बघा.

प्रश्न : आमच्या हॉलमध्ये एका लोकगायकाची बैठक ठेवायचीय. किती माणसं बोलवू, माइक भाड्यानं आणू का, आणि पैशांचं कसं करायचं? घरचे म्हणतात आधी साउंड सिस्टिमचं बघ.

उत्तर : घरच्यांना सांगा साउंड सिस्टिमचं शेवटी बघू, किंवा बघूच नको. पंचवीस-तीस माणसांच्या हॉलमध्ये माइक आणलात की गायक जिथे बसलाय तिथून आवाज न येता कोपऱ्यातल्या खोक्यातून यायला लागतो आणि मग घरी बैठक ठेवण्याचा अर्थच जातो. माइकशिवाय करायचं तर थोडं डोकं लावावं लागतं. खोली लांबट असेल तर गायकाला लांब भिंतीच्या मध्यावर बसवा, टोकाला नको, म्हणजे शेवटचा माणूसही फार लांब पडत नाही. त्याच्या मागची भिंत कडक आणि मोकळी हवी, आवाज पुढे फेकायला. पडदे, गाद्या, सोफे ऐकणाऱ्यांच्या मागे सरकवा. रिकाम्या खोलीत आदल्या दिवशी टाळी वाजवून बघाल आणि घुमतंय म्हणून घाबराल, घाबरू नका, माणसं भरली की त्यांचे अंगावरचे कपडेच निम्मं घुमणं पिऊन टाकतात.

मग आवाज बंद करायच्या वस्तू. पंखा, एसी आणि सगळ्यात लबाड म्हणजे फ्रिज, तो नेमका हळव्या कडव्याला घुरघुरायला लागतो. फ्रिज बंद करा आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, रेकॉर्डिंगवाल्यांची जुनी युक्ती आहे, किल्ली घ्यायला गेल्याशिवाय निघता येत नाही आणि गेलात की चालू करायचं आठवतं. चामड्याचं तालवाद्य असेल तर ते गायकाच्या थोडं मागे, गायक एक पाऊल पुढे. तरी भारी पडलं तर चामड्याच्या कडेला कापडाची पट्टी. दिवे पूर्ण मालवू नका, गाणाऱ्याला समोरचे चेहरे दिसले पाहिजेत, लोकगायक त्या चेहऱ्यांवरून पुढचं गाणं ठरवतो. आणि हे सगळं गच्चीवर किंवा अंगणात करायचा विचार असेल तर जरा जपून, उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं पडतो, खोलीत भिंती जो हात देतात तो तिथे नसतो. तिथे अर्धवर्तुळात आणि अगदी जवळ बसवा लोकांना.

पैशांचं आधी बोला, आणि आकडा बोला. 'घरचाच कार्यक्रम आहे, समजून घ्या' हे वाक्य बोलायचं नाही. घरचा कार्यक्रम तुमच्यासाठी आहे, त्याच्यासाठी ते काम आहे, उलट तीस माणसांसमोर चार फुटांवरून गाणं जास्त दमवतं, लपायला जागाच नसते. ठरावीक मानधनाची हमी तुम्ही द्या आणि वर झोळी फिरवा, झोळीत पडेल ते सगळं त्याचं. नुसत्या झोळीवर ठेवू नका, पाऊस आला आणि निम्मे लोक आले नाहीत तर त्याचा भुर्दंड गायकावर का? 'तुमचं नाव होईल' हे तर कुणालाच सांगू नका.

चाळीस-चाळीस मिनिटांचे दोन भाग पुरतात. तुम्ही यजमान म्हणून दोन वाक्यं बोला आणि बसा. गाण्यामागची गोष्ट तोच सांगेल, कुणाकडून शिकला, कोणत्या कामाचं गाणं आहे वगैरे, मोठ्या स्टेजवर त्याला हे सांगायला वेळ मिळत नाही आणि मला तर कधी कधी गाण्याइतकीच ती गोष्ट आवडते. रेकॉर्डिंग करायचं का हे त्याला विचारून ठरवा आणि सुरुवातीलाच सगळ्यांना सांगून टाका. शेजाऱ्यांना कळवू नका, बोलवा.

प्रश्न : आमचा लोकसंगीताचा ग्रुप आहे. जमिनीखालची एक जुनी दगडी पाण्याची टाकी सापडलीय, आत आवाज भन्नाट घुमतो. तिथे लाइव्ह कार्यक्रम केला तर?

उत्तर : तुम्ही वाजवता काय त्यावर आहे. अशा जागांचं वेड जगभर आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात फोर्ट वर्डनला जमिनीखाली एक टाकी आहे, तिथे आवाज सुमारे ४५ सेकंद राहतो, पॉलीन ऑलिव्हेरोस ही संगीतकार आणि तिच्या साथीदारांनी १९८८ साली आत उतरून रेकॉर्डिंग केलं होतं. कोलोराडोत रेंजली गावात पाण्याची एक पोलादी टाकी आता चक्क संगीताची जागा म्हणून चालते. आणि सगळ्यांचा बाप म्हणजे स्कॉटलंडमधल्या इंचिनडाउनच्या तेलाच्या टाक्या, महायुद्धाच्या काळात नौदलासाठी डोंगरात खोदलेल्या. तिथे ट्रेव्हर कॉक्स या ध्वनिशास्त्रज्ञानं पिस्तुलाचा कोरा बार काढून मोजलं तर १२५ हर्ट्झला (म्हणजे खर्जाच्या बाजूला) आवाज विरायला ११२ सेकंद लागले. जवळजवळ दोन मिनिटं!

आता विचार करा, बोललेलं नीट कळायला खोलीत एखाद्या सेकंदाच्या आसपास घुमणं ठीक असतं. लोकगीताचा जीव शब्दांत. दहा सेकंद घुमणाऱ्या टाकीत तुम्ही भराभर कडवी म्हणालात तर पहिल्या ओळीवर दुसरी, तिच्यावर तिसरी चढत जाणार आणि ऐकणाऱ्याला नुसता गलका ऐकू येणार, ढोलकी तर विसराच. म्हणून तिथे एकच आवाज, लांब सूर, धरलेला षड्ज, आणि ओळ संपली की घुमणं विरेपर्यंत थांबायची तयारी. तुमच्याकडे ओव्या, अंगाई, आळवणी असलं काही असेल तर ते आधी करून बघा. झटपट नाचाची गाणी बाहेर येऊन वाजवा. बाकी जमिनीखाली लोक उतरवायचे म्हणजे हवा खेळती आहे का, बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, जागा कुणाच्या मालकीची, हे आधी, गाणं नंतर. बंद टाकीत हवा खराब असू शकते आणि नाकाला ते कळत नाही.

प्रश्न : टायनी डेस्क या ऑनलाइन मैफलींच्या व्हिडिओंत मोठमोठे कलाकार ऑफिसच्या टेबलामागे गाताना दिसतात. ते खरंच साधं असतं की सगळी कॅमेऱ्याची कमाल?

उत्तर : दोन्ही. सुरुवात अगदीच गमतीतली आहे. २००८ साली अमेरिकेच्या नॅशनल पब्लिक रेडिओचे बॉब बॉयलन आणि स्टीफन थॉम्पसन एका बारमध्ये लॉरा गिब्सन या गायिकेला ऐकायला गेले, ती गाते हळू आणि गर्दीचा कल्ला एवढा की काही ऐकूच येईना, तेव्हा थॉम्पसन चेष्टेत म्हणाला की बाई, तुम्ही बॉबच्या ऑफिसातल्या टेबलापाशीच येऊन गा. ती आली. आजही खोलीत गायकाचा आवाज स्पीकरवरून सोडत नाहीत, मोठ्या स्टेजची सवय झालेल्यांना आपला आवाज ऐकू यावा म्हणून साथीदारांना हात आवरता घ्यायला लावावा लागतो, आणि त्यातच खरी मजा आहे. पण तुम्ही घरी जे ऐकता ते चांगल्या माइकनं टिपून नीट मिसळलेलं असतं, खोलीत उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला तसं ऐकू येत नसणार. लंडनमध्ये २००९ साली सुरू झालेल्या सोफार साउंड्स या घरगुती मैफलींचं मूळही असंच, कार्यक्रमात बडबडणाऱ्या लोकांचा वैताग. म्हणून कुणाच्या तरी घरात, जमिनीवर बसून ऐकायचं. दोन्हीकडे भांडण एकच, गप्प बसा.

प्रश्न : मला छोट्या मैफलीत फार अवघडल्यासारखं होतं. गाणारा थेट माझ्याकडे बघतो. मी कुठे बघू?

उत्तर : त्याच्या हातांकडे, वाद्य असेल तर. अगदीच नको वाटत असेल तर कडेची जागा धरा, दुसरी रांग, मागची भिंत नको कारण तिथले लोक बोलतात. किंवा असं संगीत निवडा जिथे तुमच्याकडे कुणी बघतच नाही. इटलीच्या सार्डिनिया बेटावरच्या कांतु अ तेनोरे या गाण्यात चार पुरुष खांद्याला खांदा लावून, तोंडं आत करून गोल उभे राहतात आणि एकमेकांच्या कानात गातात, तेही गावातल्या बारमध्ये. इंग्लंडमध्ये शेफील्डजवळच्या गावांत नोव्हेंबरच्या मध्यापासून नाताळपर्यंत पबमध्ये जुनी कॅरल्स (नाताळची गाणी) गातात, एकोणिसाव्या शतकात चर्चनं नको म्हटलेली गाणी पबनं सांभाळली, आणि तिथे कलाकार असा कुणी नसतोच, आलेला प्रत्येक माणूस गातो. तिथे तुमची अडचण वेगळी होईल, गावं लागेल. शब्द येत नसतील तर शेजाऱ्याच्या हातातल्या कागदात बघा.