दुपारनंतरचा थकवा : अश्वगंधा घ्यावी की घरातले मसाले पुरेत?

दुपारी तीननंतर अंग गळून जाते, तेव्हा अश्वगंधा सुरू करावी की घरातले मसाले पुरेत, असे आपण विचारले आहे. मसाल्यांतून प्रत्यक्ष ऊर्जा नगण्यच मिळते. आले किंवा मिरी भूक आणि पचन सुधारण्यास मदत करतात, बळ मात्र ताटातल्या अन्नातूनच येते. म्हणून सकाळच्या चहा-पावाच्या जागी मी नाचणीचे तिजान (गोव्यातली खिरीसारखी पेज) सुचवीन. भिजवून वाटलेली नाचणी नारळाच्या रसात गुळासह मंद आचेवर ढवळत राहावी आणि ती पळीला चिकटू लागली की वरून सुंठीची पूड घालावी. गोव्याच्या कुळागरांत, म्हणजे बागायतींत, माडा-पोफळीवर चढलेल्या वेलांची मिरी ताजी ठेचली, तर तिचा वास घरभर जातो; हळदीसोबत ती वापरणे सयुक्तिक आहे, कारण तिच्यातील पायपेरिनमुळे हळदीतील कर्क्युमिन शरीरात अधिक शोषले जाते.

अश्वगंधेला आयुर्वेदात रसायन, म्हणजे शरीराचे बळ वाढवणारे औषध, मानले असले, तरी ती चहासारखी तरतरी आणणारी वस्तू नव्हे. काहींना तिने उलट झोप येते. गर्भवतींनी ती टाळावी, आणि थायरॉइडची किंवा झोपेची औषधे चालू असणाऱ्यांनी वैद्यांना विचारल्याशिवाय घेऊ नये. गोव्यातील धारगळ येथे २०२२ मध्ये सुरू झालेल्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत असा सल्ला घेता येईल. थकवा महिनाभर टिकला असेल, तर आधी हिमोग्लोबिन, बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या, आणि जेवणाला लागूनच चहा पिण्याची सवय (आपल्याकडे ती फारच पक्की!) सोडा, कारण चहामुळे अन्नातले लोह कमी शोषले जाते.