प्रार्थना करावी, मोर्चे कशाला?

प्रश्न : 2020 साली अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा जीव घेतला, तेव्हा तिथल्या काही चर्चनी आंदोलकांना दारं उघडली. आमच्या पाळकसाहेबांनी उपासनेत त्याचं कौतुक केलं, तर काही सभासद रुसले. मंडळीने प्रार्थना करावी, न्यायाला कोर्ट आहे, असं त्यांचं म्हणणं. तुम्हाला काय वाटतं?
– एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : रुसलेल्यांना 1965 सालच्या, अमेरिकेतल्याच अलाबामा राज्याची गोष्ट सांगा. कृष्णवर्णीयांचा मतदानाच्या हक्कासाठी लढा चालू होता. मॅरियन नावाचं लहानसं गाव. 18 फेब्रुवारीच्या रात्री झायन चर्चमधली सभा आटोपून कृष्णवर्णीय लोक तुरुंगाकडे निघाले. त्यांचा एक कार्यकर्ता आत होता. रस्त्यावरचे दिवे गेले आणि पोलिसांचे दंडुके सुरू झाले. जिमी ली जॅक्सन, वय 26, बाप्टिस्ट मंडळीचा डीकन, म्हणजे सेवक. जवळच्या कॅफेत आईला मार पडत होता, तिला वाचवायला तो मध्ये पडला, तर पोलिसाने त्याच्या पोटात गोळी घातली. आठ दिवसांनी तो गेला.

त्या संतापातून सेल्मा गाव ते राज्याची राजधानी माँटगोमरी असा मोर्चा ठरला. 7 मार्चला, रविवारी, सेल्मातल्या ब्राऊन चॅपल या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधून सुमारे 600 माणसं निघाली. गावाबाहेर जाणाऱ्या पुलापलीकडे पोलिसांचा अश्रुधूर, दंडुके, घोडेस्वार. रक्तबंबाळ माणसं परतली तीही चॅपलकडेच. मार्टिन ल्यूथर किंग यांनी देशभर तारा केल्या. दोन दिवसांत शेकडो पाद्री, ज्यू रब्बी, नन्स हजर. (आपल्याकडे पाळकसाहेब नुसते मोर्चात दिसले तरी कमिटीची मीटिंग लागते!) बोस्टनहून आलेले रेव्हरंड जेम्स रीब गोऱ्या गुंडांच्या मारहाणीत गेले. ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा झाला.

तुमच्या सभासदांसारखे लोक तिथेही होते. त्याच मार्चमध्ये सेल्माच्या सेंट पॉल्स या गोऱ्यांच्या चर्चने उपासनेला आलेल्या काळ्या-गोऱ्यांच्या मिश्र जथ्याला दारातूनच परत पाठवलं. आत प्रार्थना चालूच होती.

मिनियापोलिसच्या होली ट्रिनिटी लुथेरन चर्चने जखमी आंदोलकांच्या मलमपट्टीला जागा दिली, ती मला ब्राऊन चॅपलच्याच घराण्यातली वाटते. पाळकसाहेबांनी ते बोलून दाखवलं, बरं केलं. पुढच्या वेळी त्या चर्चचं नाव घेऊन बोलावं.

राहिलं कोर्ट. फ्लॉइड प्रकरणात व्हिडिओ होता, लोक रस्त्यावर होते, वर्षभरात पोलीस दोषी ठरला. जिमीला गोळी घालणाऱ्या पोलिसाने गुन्हा कबूल केला 2010 साली. शिक्षा सहा महिने.