पहिला टाइल कटर घेताना

बाथरूम एकच असेल आणि भिंतीच्या टाइल्स साध्या सिरॅमिकच्या, 300 × 600 मिलिमीटरच्या असतील, तर ब्लेडवर पाणी सोडत कापणारे महागडे यंत्र घेण्याची गरज नाही. हाताने ओढायचा कटर आणि अवघड कापांसाठी चार इंची ग्राइंडर एवढ्यावर काम नीट होते.

हातकटर तुमच्या सर्वांत लांब टाइलपेक्षा मोठा असावा. दुकानातच त्याची मूठ पुढेमागे सरकवून पाहा, कारण ती दांड्यांवर डावी-उजवीकडे डुलत असेल, तर रेघ कधीच सरळ येणार नाही. फरशीला व्हिट्रिफाइड टाइल घेतली असेल, तर रेघ ओढणारे छोटे चाक टंगस्टन कार्बाइडचे आहे ना, हेही विचारून घ्या.

नवशिके हमखास एकाच रेघेवरून चाक दोन-तीनदा फिरवतात आणि मग टाइल वेडीवाकडी तुटते. चकचकीत बाजूवर सारख्या दाबाने एकदाच रेघ ओढावी. चाकाचा करकर आवाज एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अखंड आला, की मुठीने दाब देऊन टाइल मोडावी.

दोन सेंटिमीटरपेक्षा अरुंद पट्ट्या आणि नळाभोवतीच्या खाचा मात्र हातकटरने साधत नाहीत. तिथे ग्राइंडरला अखंड कडेचे डायमंड ब्लेड लावा. कडेला खाचा असलेले ब्लेड टाइलच्या कडेचे टवके उडवते. ब्लेडवरचे संरक्षक झाकण (गार्ड) काढू नका, चष्मा आणि एन95 मास्क लावा, कारण त्या धुळीतील सिलिका फुप्फुसांना घातक असते.

कोपऱ्यांसाठी 45 अंशांची कड काढणे तूर्त राहू द्या. आधी दुकानदाराकडून चार फुटक्या टाइल्स मागून घ्या आणि त्यांवर हात बसवा.