वाचक विचारतात: पॅरलल पोर्टची केबल

या खेपेला आलेल्या पत्रांत चार पत्रं एकाच विषयाची आहेत: जुन्या कॉम्प्युटरचा पॅरलल पोर्ट, म्हणजे प्रिंटरचा २५ पिनांचा पोर्ट, वापरून स्वतःचं सर्किट चालवणं. तक्रारी वेगवेगळ्या असल्या तरी चौघांचंही सर्किट मला ठीक दिसतं. घोळ कॉम्प्युटर आणि बोर्ड यांच्या मधल्या जोडणीत आहे, म्हणून उत्तरं एकत्र देते.

प्रश्न: आठ एलईडींचा बोर्ड बनवला. बोर्डावर फिमेल (भोकांचं) कनेक्टर आहे, कॉम्प्युटरलाही फिमेल, म्हणून दोन्ही टोकांना मेल (पिनांचं) असलेली तयार केबल आणली. प्रोग्रॅम ३७८ हेक्स या पत्त्यावर (पॅरलल पोर्टचा नेहमीचा पत्ता) २५५ लिहितो, म्हणजे आठही डेटा पिना चालू करतो, पण एकही एलईडी लागत नाही. पोर्ट उडाला असेल का?

उत्तर: पोर्ट शाबूत असावा. माझा संशय केबलवर आहे. दोन्हीकडे मेल असलेल्या केबली बाहेरून हुबेहूब सारख्या दिसतात, पण त्यांच्यात दोन जाती असतात. एक सरळ, म्हणजे २ ची तार २ वर, ३ ची ३ वर. दुसरी लॅपलिंक. ती दोन कॉम्प्युटर एकमेकांना जोडून फायली पाठवायला बनवलेली असते आणि तिच्यात तारा फिरवलेल्या असतात: २ ची १५ वर, ३ ची १३ वर, ४ ची १२ वर, ५ ची १० वर, ६ ची ११ वर. ७, ८, ९ सहसा कुठेच जात नाहीत. तुमचे आठ एलईडी २ ते ९ या डेटा पिनांवर आहेत. आता बोर्डाकडून बघा. पाच एलईडींच्या वाट्याला कॉम्प्युटरच्या इनपुट पिना (ज्यांतून तो फक्त वाचतो) आल्या आणि तिघांना काहीच आलं नाही. लागणार कसे?

खात्री करायला दोन मिनिटं लागतात. केबल दोन्हीकडून काढा, मल्टिमीटर बीपवर ठेवा, एक टोक २ नंबरच्या पिनवर टेकवा आणि दुसऱ्या बाजूच्या पिना एकेक तपासा. बीप १५ वर आला तर ती लॅपलिंक. ती कापून नवं कनेक्टर लावू नका. आत साधारण ११ तारा असतात, आठ डेटाला गेल्या की ग्राउंडला जेमतेम तीन उरतात.

अजून एक जपायचं. जुन्या कॉम्प्युटरवर २५ पिनांचं *मेल* कनेक्टर दिसलं तर तो सिरियल पोर्ट आहे. तिथे उणे-अधिक १२ व्होल्टच्या आसपास दाब असू शकतो, आणि तुमचा बोर्ड ५ व्होल्टचा आहे.

प्रश्न: केबल स्वतः सोल्डर केली, प्रत्येक जोड तपासला. तरी पहिले तीन एलईडी कधीच लागत नाहीत आणि उरलेले पाच उलट्या क्रमाने लागतात. प्रोग्रॅम दहा वेळा बघितला.

उत्तर: तुमचं पत्र वाचून मी जागच्या जागी कागद ओढला आणि पिना मांडल्या, कारण नेमकं हेच मी माझ्या पहिल्या केबलला केलं होतं. तुम्ही कनेक्टर आरशात बघितल्यासारखं उलटं मोजलं आहे.

पुस्तकातलं चित्र बहुधा समोरून काढलेलं असतं. आपण सोल्डर करतो मागून. मागून बघताना डावं-उजवं बदलतं, त्यामुळे वरच्या ओळीत १ च्या जागी १३ येते, २ च्या जागी १२, ३ च्या जागी ११, ४ च्या जागी १०. या तिन्ही, १०, ११ आणि १२, इनपुट पिना आहेत. तिथे जोडलेले तुमचे पहिले तीन एलईडी मेलेले राहणार. पुढे ५ च्या जागी ९ आणि ९ च्या जागी ५, म्हणून ते पाच उलटे. ७ ही ओळीची मधली पिन, ती उलटी मोजली तरी ७ च राहते. तुमचा सहावा एलईडी बरोबर वेळेला लागतोय का बघा. लागत असेल तर निदान पक्कं.

उपाय चित्रात नाही, कनेक्टरवरच आहे. प्लास्टिकच्या अंगावर प्रत्येक पिनेशेजारी नंबर उठवलेला असतो. अक्षर तिळापेक्षा बारीक असतं, बॅटरी तिरकी धरून भिंगातून बघितलं की सावलीने नंबर दिसतो. मी आजही सोल्डरिंगआधी १, १३, १४ आणि २५ हे चार नंबर शोधून शाईचा ठिपका देते. गोल केबलच्या तारांच्या रंगांवर भिस्त ठेवू नका. एका केबलीतली तपकिरी तार दुसरीत त्याच पिनेवर असेल असं नाही.

प्रश्न: ४ मीटर रिबन (चपट्या) केबलवर आठ रिलेंचा, म्हणजे विजेने उघडझाप होणाऱ्या स्विचांचा, बोर्ड; रिले चालवायला यूएलएन२८०३ ही चिप. दोन-तीन रिले छान चालतात, सहा-सात एकदम लावले की थरथरतात. रिलेसाठी कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायची लाल, ५ व्होल्टची तार बाहेर काढली. ग्राउंड केबलमध्ये २५ नंबरला आहेच, म्हणून काळी तार काढली नाही.

उत्तर: ती काळी तारच हवी होती. ५ व्होल्टच्या साध्या रिलेची कॉइल ७० मिलिअँपिअरच्या आसपास घेते. आठांचे झाले ५६० मिलिअँपिअर, आणि हा सगळा प्रवाह रिबनमधल्या एका केसासारख्या तारेतून परत जातोय. तिचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम, ४ मीटरला पाऊण ओहमच्या वर. म्हणजे बोर्डाचं ग्राउंड जवळजवळ अर्धा व्होल्ट वर उचललं जातं आणि पोर्टचा सिग्नल बोर्डाला तेवढाच खुजा दिसतो. रिले सुटतो, प्रवाह घटतो, ग्राउंड खाली येतं, रिले पुन्हा ओढला जातो. तीच तुमची थरथर.

रिलेला वेगळा अ‍ॅडॅप्टर द्या, त्याची उणे तार थेट बोर्डावर आणा आणि केबलमधलं ग्राउंड फक्त सिग्नलपुरतं ठेवा. त्यासाठीही १८ ते २५ या आठही पिना जोडा. यूएलएनची १० नंबरची पिन रिलेच्या अधिक तारेला गेली आहे ना, तेही बघा. आतले डायोड तिच्याशिवाय कामाचे नाहीत.

दाबून बसवायच्या कनेक्टरवर रिबनमधल्या तारांचा क्रम १, १४, २, १५, ३, १६ असा एकाआड एक पडतो. त्यामुळे ६ पासून १२ पर्यंतच्या प्रत्येक तारेच्या दोन्ही अंगांना ग्राउंड येतं. ही सोय आयती मिळते, मात्र तुम्ही आठही ग्राउंड जोडले तरच. २, ३, ४ उघड्या राहतात, म्हणून साध्या रिबनची लांबी मी २ मीटरवर नेत नाही. लांब जायचंच असेल तर आयईईई १२८४ (पॅरलल पोर्टचं प्रमाण) छापलेली केबल घ्या. तिच्यात प्रत्येक सिग्नलला स्वतःच्या ग्राउंडचा पीळ असतो आणि ती १० मीटरपर्यंत चालते.

रिलेवर घरातली वीज घेणार असाल तर ती बाजू रिबनपासून पूर्ण वेगळी ठेवा. आणि कॉम्प्युटर सुरू होताना डेटा पिना आपोआप वरखाली होतात, तेव्हा रिलेंचा सप्लाय नंतर चालू करा.

प्रश्न: नव्या लॅपटॉपला पॅरलल पोर्ट नाही. यूएसबी ते पॅरलल केबल चालेल?

उत्तर: प्रिंटरला चालेल, तुमच्या बोर्डाला नाही. ती केबल कॉम्प्युटरला प्रिंटर म्हणून दिसते, ३७८ हेक्स या पत्त्यावर तिथे कोणी नसतं. डेस्कटॉप असेल तर पीसीआय किंवा पीसीआय एक्सप्रेस कार्ड घ्या. त्याचा पत्ता वेगळा असतो, डिव्हाइस मॅनेजरमध्ये बघून प्रोग्रॅममध्ये बदला.